अठ्ठेचाळीस सेकंदांचं काम

पोलीस भरतीच्या तयारीला लागलेल्या पोरांना दोन अंतरं झोपेतही पाठ असतात. सोळाशे मीटर आणि शंभर मीटर. महाराष्ट्रात मैदानी चाचणीचे गुण ५०. मुलांसाठी त्यातले २० सोळाशेला, १५ शंभरला आणि १५ गोळाफेकीला. मुलींना सोळाशेऐवजी आठशे. सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्याही मोठ्या गावात उजाडायच्या आत मैदानावर जा. फक्कीने आखलेल्या रेघेवर पोरं वाकून उभी असतात आणि पलीकडच्या टोकाला एकजण मोबाइलवर स्टॉपवॉच लावून शिट्टीची वाट बघत असतो.

समजा हे मैदान कुंडलचं आहे. पलूस तालुका, जिल्हा सांगली. क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांचं गाव, प्रतिसरकारच्या आठवणी अजून अंगावर बाळगणारं, कुस्तीच्या मैदानासाठी पंचक्रोशीबाहेरही ओळखलं जाणारं. आणि समजा, त्या पोरांच्या शेजारच्या पट्टीत एक अण्णा उभे आहेत. वय बासष्ट. आयुष्य किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात गेलं. वीस वर्षं झाली, अण्णा लांब पल्ल्याचे धावपटू आहेत. आठवड्याला सत्तर किलोमीटर, पावसाळा असो की उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला हंगाम असो. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची मेडलं हॉलमध्ये खिळ्याला टांगलेली आहेत. असे अण्णा आता जवळपास प्रत्येक तालुक्यात एकदोन तरी असतात. नाव घ्यायची गरज नाही, तुमच्या डोळ्यांसमोर कुणीतरी आलंच असेल.

तर या अण्णांनी गेल्या सहा महिन्यांत सत्तरचे पंचवीस केले. आठवड्यातून दोन दिवस ते चढावर जातात, आठ सेकंद असतील तेवढा जोर लावून वर पळतात, चालत खाली येतात, दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहतात आणि परत पळतात. असं सहा वेळा. महिन्यातून एकदा भरतीच्या पोरांसोबत सपाटीवर शंभर मीटर, वेळ लावून.

सहा गुणिले आठ म्हणजे अठ्ठेचाळीस सेकंद. पाऊण तास मैदानावर काढायचा आणि काम अठ्ठेचाळीस सेकंदांचं. अण्णांची अडचण इथून सुरू होते, आणि ती फक्त व्यायामाची अडचण नाही असं मला वाटतं.

आधी शरीराचं सांगून टाकतो, कारण ते तुलनेने सोपं आहे. आपल्या स्नायूंमध्ये ढोबळमानाने दोन जातींचे तंतू असतात. एक सावकाश आकुंचन पावणारे, न थकणारे. दुसरे झटकन आकुंचन पावणारे, जोर देणारे आणि लवकर दमणारे. वय वाढतं तसे हे दुसऱ्या जातीचे तंतू जास्त झिजतात, त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जापेशीही कमी होत जातात. त्यामुळे म्हातारपणी ताकद घटते त्यापेक्षा वेगाने झटका घटतो. जिन्यावर पाय अडखळला, न्हाणीघरात निसटला, तर पुढच्या क्षणी दुसरा पाय पुढे टाकून तोल सावरायला हा झटकाच लागतो. वर्षानुवर्षं एकाच संथ लयीत धावणाऱ्याचं हृदय उत्तम राहतं, दम उत्तम राहतो, पण हा झटका त्या धावण्यातून फारसा राखला जात नाही. वयस्क स्प्रिंटरांचा अभ्यास करणाऱ्यांना असं दिसलं की म्हातारपणी वेग कमी होतो तो पावलांची संख्या घटल्यामुळे कमी आणि पाऊल आखूड झाल्यामुळे जास्त. पाय जमिनीवर जास्त वेळ रेंगाळतो, ढकलायला जोर नसतो. अण्णांना हे कुणी सांगावं लागलं नाही. स्वतःच्याच सावलीत त्यांना ते दिसलं होतं.

धोकाही आहे. साठीत एकदम सुसाट पळायला गेलं तर मांडीमागचा स्नायू किंवा टाचेमागची शीर दगा देते, आणि हृदय तपासून न घेता हा उद्योग कुणी करू नये. चढावर पळायचं ते म्हणूनच. चढावर पूर्ण वेग येतच नाही, पाय कमी आपटतो. गुडघ्यांचा विषय मी मुद्दाम काढत नाही. आपल्याकडे धावणाऱ्या प्रत्येक माणसाला गुडघ्यांवरून व्याख्यान ऐकावं लागतं, आणि देणारा बहुधा पानपट्टीपर्यंतही गाडीवर जाणारा असतो.

एवढं सगळं पटूनही अण्णांना रात्री झोप लागत नाही. आपण आळशी झालोय असं त्यांना वाटतं. स्ट्राव्हावर आठवड्याचा आडवा पट्टा आखूड दिसतो तेव्हा काहीतरी चोरल्यासारखं वाटतं. ग्रुपवर कुणी लिहितं, ‘अण्णा, तब्येत बरी आहे ना?’ त्यात काळजी असते आणि बारीकसा टोमणाही. मला प्रश्न पडतो तो या अपराधीपणाचा. धावणं कमी केलं तर अपराध कुणाचा झाला? कुणाचं देणं होतं ते?

आपल्या भागात मेहनत मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक रोजंदारी, दुसरी उक्तं काम. रोजंदारीत दिवसभर राबलेलं दिसावं लागतं. उक्त्यात काम उरकलं की सुटका. शेतावरच्या माणसाला दोन्ही ठाऊक आहेत, पण मान मात्र रोजंदारीच्या वृत्तीला. जो अकरा वाजताच काम संपवून झाडाखाली बसला त्याच्याबद्दल गाव बरं बोलत नाही, काम चोख झालेलं असलं तरी. लांब पल्ल्याचं धावणं या वृत्तीत फिट्ट बसतं. तासन्‌तास, घाम, एकटेपण, सोसणं. किलोमीटर म्हणजे हजेरीपट. स्प्रिंट मात्र उक्तं काम आहे. त्यातला बराचसा वेळ माणूस कमरेवर हात ठेवून उभा असतो. बाजूने जाणाऱ्याला तो माणूस रिकामा दिसतो. ‘दमलासा व्हय अण्णा?’ असं तो विचारतो आणि अण्णांना खरं उत्तर देता येत नाही, कारण खरं उत्तर आहे, ‘नाही, दमू नये म्हणून थांबलोय.’

सोसणं हा आपल्याकडे मोठाच गुण. माण-खटावचा दुष्काळ, गिरणीतली पाळी, वारीतली पायपीट, या सगळ्यांतून आपल्याला शिकवलं गेलं की जे सोसता येतं ते सोसावं. आणि सोसण्याने आपल्याला जगात नेलंही आहे. १९२० साली अँटवर्प ऑलिम्पिकला गेलेल्या भारताच्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी पळणाऱ्या शेतकरी पोरांचा दम बघून दोराबजी टाटांनी तो चमू पाठवण्यात पुढाकार घेतला होता. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, ऑलिम्पिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब. चौगुले त्यात एकोणिसावे आले. आपला माणूस जगासमोर पहिल्यांदा धावला तो असा.

पण सोसण्याची एक गोम आहे. ज्या वयात सोसून काहीतरी घडतं त्या वयात तो गुण असतो. जेव्हा सोसून फक्त आकडा टिकतो तेव्हा त्याला काय म्हणायचं? बासष्टाव्या वर्षी अण्णा सत्तर किलोमीटर धावू शकत होतेच. पण त्यातला प्रत्येक किलोमीटर मागच्या वर्षीपेक्षा संथ होता, पाऊल आखूड होतं, आणि धावणं संपल्यावर उरलेला दिवस ते खुर्चीत काढत होते. आकडा तोच राहावा म्हणून धावण्याचा दर्जा ते दर महिन्याला थोडा थोडा विकत होते. हजेरीपट भरलेला आणि पीक मात्र नाही. हे त्यांना दिसत होतं आणि तरी थांबता येत नव्हतं, कारण थांबणं म्हणजे म्हातारं होणं.

कुंडलसारख्या गावात या बाबतीत पैलवानाचं बरं असतं. तालमीतल्या पोराला लहानपणापासून माहीत असतं की लाल माती एक दिवस सुटणार आहे. सुटली की तो वस्ताद होतो. मैदानात फेटा बांधून बसतो, जोड लावताना त्याचं मत विचारलं जातं, पोरं पाया पडून आखाड्यात उतरतात. हलगी वाजायला लागली की त्याच्याही मांड्या फुरफुरत असतील, पण त्याने उठून लंगोट कसावा अशी कुणाची अपेक्षा नसते. पैलवानाचं म्हातारपण गावाने आधीच बांधून ठेवलेलं घर आहे. त्यातही पडझड असते, जोर-बैठका सुटल्या तरी खुराक न सुटल्याने सुटलेली पोटं आपण पाहिली आहेत. पण घर आहे.

धावपटूला असं घर नाही. त्याला फक्त वयोगट आहेत. जागतिक मास्टर्स स्पर्धा पस्तिशीपासून सुरू होतात आणि दर पाच वर्षांनी गट बदलतो; पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस, अगदी शंभरीच्या पुढेही. वयाप्रमाणे कामगिरीची टक्केवारी काढायची सोय आहे, म्हणजे तुमची वेळ तुमच्या वयाच्या जगातल्या सर्वोत्तम वेळेच्या किती टक्के आहे हे कळतं. सोय चांगलीच आहे. पण तिच्यात निवृत्ती नाही, वस्तादपण नाही. माणूस मरेपर्यंत स्पर्धक राहतो.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रोमन लेखकाला हा प्रश्न पडला होता. सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली म्हातारपणावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो क्रोटोनच्या मायलो या दंतकथा बनलेल्या पैलवानाची गोष्ट सांगतो. मायलो म्हातारा झाल्यावर तालमीत पोरांचा सराव बघत बसला होता; आपल्या दंडांकडे बघून तो रडला आणि म्हणाला की हे आता मेले. सिसेरोला याचा राग येतो. दंड नव्हे, तूच मेलास, असा त्याचा सूर, कारण तुला मोठेपण मिळालं ते तुझ्यामुळे नव्हे, दंडांमुळे. पुढे तो म्हणतो की तरुणपणी आपल्याला बैलाचं किंवा हत्तीचं बळ नाही म्हणून आपण रडत नव्हतो, तर म्हातारपणी तरुणाचं नाही म्हणून का रडावं? जे आहे ते वापरावं.

वाचायला छान आहे. पण मला सिसेरो इथे जरा सोपा वाटतो. हत्तीचं बळ आपल्याकडे कधीच नव्हतं, तरुणाचं होतं. जे कधीच नव्हतं त्याची आणि जे हातातून गेलं त्याची तुलना होत नाही. मायलोचं रडणं मला खोटं वाटत नाही. मला त्याच्या बाबतीत वेगळीच शंका येते, की तो दंडांकडे बघत राहिला आणि उठून काही करून बघितलं नाही.

उठून करून बघणाऱ्या एका माणसाचं नाव कुंडलच्या इतिहासातच आहे. स्वातंत्र्यापूर्वी कुंडल औंध संस्थानात होतं. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८चा, मृत्यू १९५१चा. किर्लोस्करांना कारखान्यासाठी इथली जागा मिळाली ती यांच्यामुळेच. या राजांना व्यायामाचं वेड होतं. १८९७ साली त्यांनी युरोपातला प्रसिद्ध बलभीम यूजीन सँडो याची साधनं आणि पुस्तकं मागवली आणि पुढची दहा वर्षं नेमाने सँडोचा व्यायाम केला. छाती भरली, कंबर उतरली. मग चाळिशीच्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांच्या आग्रहावरून त्यांनी ते सोडलं आणि सूर्यनमस्कार धरले. मग आपल्या संस्थानातल्या शाळांत ते लागू केले, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि उतारवयातही स्वतः नमस्कार घालत राहिले.

मला यात सूर्यनमस्कारांपेक्षा ते सोडणं महत्त्वाचं वाटतं. दहा वर्षं लागू पडलेली, आरशात दिसणारा फायदा देणारी पद्धत. ती चुकीची ठरली म्हणून सोडली नव्हती. पुढच्या आयुष्याला दुसरं काही हवं, एवढ्यावर सोडली. दहा वर्षांच्या मेहनतीची ओढ माणसाला त्याच रस्त्यावर ठेवते. इतकं केलंय, आता कसं सोडायचं? अण्णांची वीस वर्षं तर दुप्पट ओढणार. आपण पैशाच्या बाबतीत हे ओळखतो, बुडीत धंद्यात आणखी पैसा घालू नये म्हणतो. घामाच्या बाबतीत ओळखत नाही. घाम पवित्र वाटतो.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर हिने असंच काहीसं केलं, फक्त तरुणपणी. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली होती. ४२ किलोमीटरमध्ये नाव झालेलं असताना ती ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली, जिथे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत साडेनऊ मिनिटांत सगळा निकाल लागतो. २०१४च्या आशियाई खेळांत कांस्य आणि २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये थेट अंतिम फेरी, जिथे ती दहावी आली. तिच्या बाबतीत आपण याला धाडस म्हणतो. बासष्टीच्या माणसाने अंतर कमी केलं की म्हणतो, थकले बिचारे.

इथे माझ्या म्हणण्याच्या उलट जाणारा एक माणूस उभा करायला हवा, नाहीतर हे एकतर्फी होईल. कॅनडाचा एड व्हिटलॉक. हा पंचेचाळिशीनंतर १५०० मीटरमध्ये जागतिक मास्टर्स विजेता होता. म्हणजे वेग होता त्याच्याकडे. म्हातारपणी त्याने नेमका उलटा रस्ता धरला. घराजवळच्या दफनभूमीत तो रोज तीन-तीन तास अगदी संथ धावायचा, फेऱ्यांवर फेऱ्या. वयाच्या ७३व्या वर्षी, २००४ साली, त्याने २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. भरतीच्या पोरांना विचारा हा आकडा काय आहे ते. ८५व्या वर्षीही तो चार तासांच्या आत आला. दफनभूमीत धावणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल विनोद करायचा मोह होतो, पण त्याला तिथे फक्त वर्दळ नको होती.

म्हणजे विज्ञान अण्णांना आज्ञा देत नाही. कमी करा आणि जोरात पळा हेही चालतं, जास्त करा आणि हळू पळा हेही एखाद्याला लाभतं. शरीर दोन्ही वाटा उघड्या ठेवतं, आणि मग प्रश्न तुमच्या गळ्यात पडतो: तुला काय राखायचंय? व्हिटलॉकला मॅरेथॉन राखायची होती. अण्णांना जिन्यावर न पडणं राखायचंय, आणि शिवाय, हे ते कुणाजवळ बोलत नाहीत, लहानपणी गुरांमागे पळताना अंगात जो वारा शिरायचा तो एकदा परत अनुभवायचाय.

या दुसऱ्या इच्छेवर हमखास आक्षेप येतो. हे ययातीचं लक्षण, म्हातारपणी तरुण व्हायची हौस. वि. स. खांडेकर सांगलीचेच, त्यांच्या ‘ययाती’ने मराठी माणसाच्या मनात या राजाचं नाव कायमचं बसवलं. तरुणपण परत हवं म्हटलं की आपल्याला लगेच ययाती आठवतो. पण ययातीचा दोष नेमका काय होता? त्याने तरुणपण मागितलं ते मुलाचं काढून घेऊन. पुरूने ते दिलं आणि स्वतः म्हातारपण घेतलं. अण्णा कुणाचं काही काढून घेत नाहीत. उलट शंभर मीटरच्या रेघेवर ते आपलं म्हातारपण सगळ्यांसमोर उघडं करतात. लांब पल्ल्यात ते झाकता येतं. तीनशे माणसांच्या गर्दीत, अडीच तासांत, कोण कुठे होतं कुणाला कळत नाही; मेडल सगळ्यांना सारखंच. शंभर मीटरमध्ये एकोणीस वर्षांचा पोरगा बारा सेकंदांत पलीकडे पोचून वळून उभा असतो आणि तुम्ही अजून अर्ध्याच्या पुढेमागे असता. ते पाच-सहा सेकंद सगळं मैदान तुमच्याकडे बघतं. तारुण्याचा भास हवा असलेल्या माणसाने ही जागा निवडली नसती.

अर्थात भासासाठीही काहीजण पळतात. परदेशी चपला, घट्ट कपडे, ‘वय हा फक्त आकडा आहे’ असं वाक्य लिहिलेला फोटो. वय हा फक्त आकडा नाही. तो असता तर अण्णांना तीन मिनिटं उभं राहावं लागलं नसतं.

आता हिशोबातली जमा बाजू बरीच झाली. खर्चाची बाजू एकच आहे, पण मोठी. लांब धावणं गेलं की दोन तासांचा एकांत जातो.

ज्यांनी कधी लांब धावलं नाही त्यांना हे सांगणं कठीण आहे. कुंडलहून देवराष्ट्र्याकडे, सागरेश्वर अभयारण्याच्या अंगाने पहाटे निघालं की पहिले चार-पाच किलोमीटर डोक्यात घरचं चालू असतं, पाण्याची पाळी, मुलाची नोकरी, बँकेचं पत्र. मग ते हळूहळू ओसरतं. उसाच्या पाल्याचा वास येतो, कुठे गुऱ्हाळ पेटलेलं असतं. पाय आपापले चालू असतात आणि मन कुठल्या तरी जुन्या गोष्टीपाशी जाऊन बसतं, तिला न छेडता. देवळात मिळत नाही अशी शांतता तिथे मिळते, निदान अण्णांना मिळायची. आठ सेकंदांत यातलं काही नाही. आठ सेकंदांत विचारच नसतो, आणि मधल्या तीन मिनिटांत असतो तो फक्त श्वास.

मग चालावं की, असं तुम्ही म्हणाल. अण्णांनी करून पाहिलं. गावात चालणाऱ्या माणसाला लोक थांबवतात. ‘कुठं निघालाय, अण्णा?’ ‘चहा घ्या की.’ ‘ते सातबाराचं काय झालं?’ धावणाऱ्याला कुणी थांबवत नाही. धावणं हा गावात एकटं राहण्याचा परवाना होता, साठीच्या पुरुषालाही तो दुसऱ्या कुठल्या मार्गाने सहज मिळत नाही.

बाईला तर धावूनही मिळत नाही. साठीतल्या बाईचं मायलेज कुठल्या ॲपवर नाही, पण शेत, विहीर, गोठा, चूल यांच्यामधलं तिचं आयुष्यभराचं अंतर मोजलं तर अण्णा मागे पडतील. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून धावल्या आणि जिंकल्या, तेव्हा नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेखही झाला. मी कमी धावू की जास्त, संथ की सुसाट, माझ्या आत्म्याला काय हवंय, हे प्रश्न पडायलाही एक निवांतपणा लागतो. अण्णांकडे तो आहे. त्यांच्या घरात तो कुणामुळे आहे, हा प्रश्न त्यांच्या बायकोने अजून मोठ्याने विचारलेला नाही.

लता करेंची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी मोबाइलवरच पहिल्यांदा वाचली, डोळे ओले झाले, पुढे पाठवली. आपली ही सवय मला या सगळ्यात विचार करण्यासारखी वाटते. आपण विशीत-तिशीत आहोत आणि आपल्याला धावणारे म्हातारे फार आवडतात. फौजा सिंग यांचे व्हिडिओ आपण किती वेळा पाहिले. ८९व्या वर्षी त्यांनी गंभीरपणे धावायला सुरुवात केली आणि २०११ साली टोरांटोला, शंभराव्या वर्षी, मॅरेथॉन पुरी केली. जन्मदाखला नाही म्हणून गिनेसने विक्रम मानला नाही. हे आपल्याला माहीत असतं. पण फौजा सिंग यांची शेवटची स्पर्धा, २०१३ साली हाँगकाँगला, दहा किलोमीटरची होती आणि त्यानंतर त्यांनी स्पर्धा सोडल्या, हे फारसं कुणी पुढे पाठवत नाही. अंतर कमी करणारा म्हातारा व्हायरल होत नाही. मान कौर मात्र झाल्या, ९३व्या वर्षी ॲथलेटिक्स सुरू करून १०१व्या वर्षी ऑकलंडला शंभर मीटर पळल्या म्हणून. ७४ सेकंद. त्या व्हिडिओखालच्या बऱ्याच प्रतिक्रिया ‘मला लाज वाटते, मी सोफ्यावर बसलोय’ अशा धाटणीच्या.

म्हणजे आपण त्यांना बघतो ते आपल्यासाठी. आपल्याला भीती वाटते. घरातला माणूस थकतोय हे बघवत नाही, म्हणून न थकणारी माणसं बघतो. आणि मग घरातल्या माणसाने कमी केलं की आपणच म्हणतो, ‘काय बाबा, सोडलंत का? तुम्ही तर इन्स्पिरेशन आहात.’ ज्याला हे म्हटलं जातं त्याच्यावर ते ओझं पडतं. हॉलमधल्या मेडलांपेक्षा जड. अण्णांना सत्तर किलोमीटरांशी बांधून ठेवणाऱ्या दोरीचं एक टोक त्यांच्या हातात असेल, दुसरं पुण्यातून दर रविवारी फोन करणाऱ्या मुलाच्या हातात आहे. पहिला प्रश्न तोच असतो: ‘आज किती?’

समजा एखाद्या रविवारी त्याने हा प्रश्न विचारला आणि अण्णा म्हणाले, ‘सतरा पॉइंट आठ.’ मुलगा म्हणेल, अठरा किलोमीटर, वा. अण्णा सांगतील की किलोमीटर नाही, सेकंद. मग पलीकडे थोडा वेळ शांतता असेल. त्या शांततेनंतर मुलगा काय बोलतो यावर बरंच अवलंबून आहे. तो म्हणू शकतो, जपून हां बाबा. तो हसू शकतो. किंवा विचारू शकतो, मागच्या महिन्यात किती होतं?

मागच्या महिन्यात अठरा पॉइंट एक होतं. पण त्या दिवशी वारा समोरून होता.